मिळून आला नाही

अर्जदार : वय बावन्न, धंदा अर्जलेखन, शिक्षण नववीपर्यंत. बैठक कल्याण येथे तहसील कचेरीबाहेरील पत्र्याच्या शेडमध्ये, डावीकडून पहिले टेबल.

जिच्या वतीने अर्ज : अर्जदाराची सख्खी थोरली बहीण, राहणार ठाकुर्ली, धंदा घरकाम.

सामनेवाला : नाव सुरुवातीस निश्चित नव्हते. वास्तव्य बहिणीच्या उजव्या बरगड्यांखाली. किती काळापासून, हे कोणासही ठाऊक नाही.

साक्षीदार : पहिला, बहिणीच्या पोटातील पाणी. दुसरा, तिचे रक्त. तिसरा, तिचे यजमान, न्यायालयातील निवृत्त बेलिफ.

घटनेचा काळ : गेल्या वर्षावासापासून आजतागायत.

व्यक्तींची नावे दिलेली नाहीत, कारण ही माणसे अजून त्याच चाळीत राहतात आणि रोज एकाच नळावर भेटतात. एरवी माझ्या हातून निघालेल्या मसुद्यात नाव, वय वा पत्ता यांची चूक सापडत नाही. सातबाऱ्यावरील नोंद असो, रेशनकार्डातील नाव कमी करणे असो, वा सुनेने सासूविरुद्ध दिलेली तक्रार असो, कचेरीतले कारकून पहिला परिच्छेद वाचूनच म्हणतात, हा पहिल्या टेबलाचा. पदवीधर वकिलांचे अर्ज त्रुटी काढून परत आलेले मी पाहिले आहेत. माझे परत येत नाहीत. हे अभिमानाने नव्हे, तर पुढील हकिगत विश्वसनीय ठरावी म्हणून नमूद करीत आहे.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी तिसरीत होतो. पुढे माझी शाळा नववीपर्यंत टिकली ती ताईमुळे, आणि नववीत सुटली ती माझ्यामुळे. तिचे लग्न बेलिफाशी झाले. बेलिफ म्हणजे कोर्टाची समन्से घरोघर नेऊन बजावणारा माणूस. ज्याच्या नावे समन्स आहे तो भेटला तर त्याची सही घ्यायची. न भेटल्यास कागदाच्या पाठीवर शेरा मारायचा, की सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही. भावोजींची सारी नोकरी हे एक वाक्य लिहिण्यात गेली. बाजारात मेथी नसली तरी ते घरी येऊन "मेथी मिळून आली नाही" असे सांगत, आणि ताई दरवेळी नव्याने हसे. तिला लिहिता-वाचता जेमतेम येते. परंतु कोर्टाची भाषा तिला भावोजींना जेवायला वाढता वाढता पाठ झाली होती.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, दर रविवारी आम्ही सारे विहारात ग्रंथवाचनाला जमतो. गेल्या खेपेस असेच वाचन आटोपले, मी सतरंज्यांच्या घड्या करवून घेत होतो, आणि ताई पायरीवर बसून चप्पल घालण्याचा प्रयत्न करीत होती. चप्पल पायात जात नव्हती. पांढऱ्या साडीखाली तिचे पोट गच्च पुढे आले होते, आणि हात मात्र काठीसारखे वाळले होते. चाळीतल्या एका वहिनीने तिला कोपराने ढोसले.

"काय गं बाई, कितवा?"

"आठवा," ताई म्हणाली. "डोहाळजेवणाला ये. आणि मागच्यासारखी रिकाम्या हाताने येऊ नकोस."

बायका खो खो हसल्या. ताईही हसली. मग तिने चप्पल हातात घेतली आणि अनवाणी चालत निघाली. तिच्या पायावर, जिथे तिने अंगठ्याने जरा दाबून पाहिले होते, तिथे खळगा पडून तसाच राहिला होता. तो भरून यायला लागलेला वेळ मला फार वाटला.

ठाकुर्लीच्या डॉक्टरांनी आधी गॅसच्या गोळ्या दिल्या, आणि गुण येईना तेव्हा विठ्ठलवाडीला सोनोग्राफीसाठी पाठवले. तिथे कळले की पोटात पाणी झाले आहे आणि लिव्हर आक्रसले आहे. चाळीत लिव्हर या शब्दाचा अर्थ एकच. बातमी ताईच्या आधी जिना चढली.

"तुझ्या नवऱ्याने ढोसली ती तुला चढली की काय गं?" त्याच वहिनीने नळावर विचारले.

"त्यांनी सोडून जमाना झाला," ताई म्हणाली. "माझ्यात साठवून ठेवली असेल. पावसाळ्यात कामाला येते."

भावोजी दाराआड ऐकत उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. ते कधीकाळी पीत असत, हे खरे. पण ताईने आयुष्यात थेंबालाही स्पर्श केलेला नव्हता. पुढे ठाण्याच्या रुग्णालयात रक्त तपासल्यावर कारण निघाले ते वेगळेच. एका जातीची कावीळ, बी प्रकारची, तिच्या अंगात कधीतरी शिरली होती आणि बाहेर न पडता, डोळेही पिवळे न करता, वर्षानुवर्षे आत राहिली होती. कधी शिरली, कुठून शिरली, याचा पत्ता लागण्याची आता सोय नव्हती. बिनबोभाट राहणारा भाडेकरूच पुढे घर बळकावतो, हे मी शेडमध्ये बसून पुष्कळदा लिहिले आहे.

ठाण्याच्या रुग्णालयात पोटातले पाणी काढले तेव्हा मी पडद्याशी उभा होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कामात नेटक्या. पोटाच्या डाव्या अंगाला, खाली, त्यांनी जागा बधिर करून सुई घातली, आणि नळीतून पाणी उतरू लागले. उन्हाने वाळलेल्या गवताचा रंग असतो तसे फिकट पिवळे, स्वच्छ पाणी. बहुतेक बाटलीत गेले. थोडे त्यांनी छोट्या नळ्यांत तपासणीसाठी वेगळे घेतले. नळ्यांवरील नाव आणि वय मी स्वतः ताडून पाहिले.

ताई छताकडे पाहत पडली होती. पोट उतरत गेले तशी तिच्या चेहऱ्यावर हुशारी आली.

"एवढं पाणी आमच्या नळाला आलं असतं तर भांडणं मिटली असती," ती म्हणाली.

"मावशी, हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्याही हसल्या.

रिपोर्ट भाचीच्या मोबाइलवर आला. भाची, म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, डोंबिवलीत सासरी असते. ती धावत ठाकुर्लीला आली. इंग्रजी ती वाचत होती आणि मी त्याचे शिस्तीत मराठी करीत होतो. शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले. मी ते असे मांडले : "पाण्यामध्ये कर्करोगाच्या पेशी आढळून आल्या नाहीत."

तोवर कर्करोग हा शब्द त्या घरात कोणी उच्चारलेला नव्हता. तो प्रथमच आला आणि 'नाहीत' हा शब्द सोबत घेऊन आला, म्हणून आम्हा सर्वांना गोड वाटला. भावोजी ताडकन उभे राहिले.

"सुटली! निर्दोष सुटली. मेव्हणे, तुम्ही वाचलंत ना नीट?"

"शब्दन् शब्द," मी म्हणालो.

भावोजींनी पेढे आणले आणि चाळीत प्रत्येक दारात स्वतः जाऊन वाटले. ज्या वहिनीने टोमणा मारला होता तिला दोन दिले. ताईच्या हातातला पेढा मात्र तसाच राहिला. तोंडाला चव नाही म्हणाली. थोड्या वेळाने तो तिने ताटलीत ठेवला, आणि बोटांना लागलेला चुरा पदराला पुसताना तिने एकदा पोटावर हात फिरवला. पोट उतरून आठवडाही झाला नव्हता, आणि ते पुन्हा गोल होऊ लागले होते. ते मला दिसले, आणि तिने मला पाहताना पाहिले.

पुढच्या खेपेस डॉक्टरीणबाईंनी पाणी पुन्हा तपासायला हवे असे सांगितले, आणि रक्ताचीही एक नवी तपासणी लिहून दिली. ताईला बाहेर बाकावर बसवले होते. भावोजी चिडले.

"मॅडम, पाणी साफ आलंय की. पेशी नाहीत असं तुमच्याच रिपोर्टात आहे. मग परत परत कशाला टोचायचं तिला?"

"काका, 'नाहीत' असं नाही लिहिलेलं. 'दिसल्या नाहीत' असं लिहिलंय."

"एकच झालं."

"एकच नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी एका कागदाच्या कोपऱ्यावर लिव्हरचे चित्र काढले, त्याच्या भोवती पाणी काढले. "दुसऱ्या काही कॅन्सरमध्ये पेशी सुटून पाण्यात येतात, मग त्या आम्हाला सापडतात. लिव्हरची गाठ असली तर ती बहुतेक लिव्हरच्या आतच बसून राहते. बाहेर पाण्यात येतच नाही. त्यामुळे पाण्यात तिच्या पेशी न दिसणं हा काही तिच्या नसण्याचा पुरावा नाही. आपल्याला दुसऱ्या खुणा शोधायला लागतात. गाठ स्वतः बाहेर येत नाही, पण ती एक प्रोटीन सोडते. ते रक्तात येतं, कधी पाण्यातही येतं. त्याला मार्कर म्हणतात."

मार्कर म्हणजे जाड टोकाचे पेन असाच माझा समज होता. मी तसे बोलूनही दाखवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसंच समजा. आत कोणी आहे, याची खूण करणारं."

बाहेर येऊन आम्ही चहाच्या टपरीशी उभे राहिलो. मी विचारले.

"भावोजी, तुम्ही 'मिळून आला नाही' असं लिहायचात, तेव्हा तो इसम घरात नसायचाच का हो?"

त्यांनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

"एकदा मी उल्हासनगरात गेलेलो," ते म्हणाले. "तिसरा मजला. दार ठोकलं. बाई म्हणाली, घरी नाहीत, गावाला गेलेत. मी शेरा मारला, मिळून आला नाही. जिना उतरत होतो तर वर कोणीतरी खोकलं. पुरुषमाणूस. मागच्या खोलीत."

"मग परत वर गेलात?"

"शेरा मारून झालेला ना, मेव्हणे." ते म्हणाले. "बहुतेक वेळा घरातच असायचे. मागच्या खोलीत. सगळ्या कोर्टाला माहीत असायचं. जजसाहेबांनासुद्धा. म्हणून तर दुसरं समन्स निघायचं, आणि शेवटी ते दारावर डकवायचं."

चहा तसाच टाकून ते ताईच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. घरी आम्ही भाड्याच्या व्हॅनने परतलो. कळव्याचा खाडीपूल ओलांडताना भरतीचे पाणी खालच्या खारफुटीत शिरताना दिसत होते. चिखल दिसेनासा होत होता, झुडपांचे शेंडेच तेवढे वर. ताईने व्हॅनच्या काचेतून ते पाहिले आणि तोंड फिरवले.

दुसऱ्यांदा पाणी काढले तेव्हा त्याचा रंग बदलला होता. पिवळे नव्हते. कोकमाचे एक फूल पाण्यात टाकून विसरून जावे आणि तासाभराने पाहावे, तसे. डॉक्टरीणबाईंनी बाटली किंचित तिरकी करून उजेडाकडे धरली, आणि खाली ठेवली. ताईने या वेळी विनोद केला नाही. तिने फक्त बाटलीकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले.

तपासणीचे उत्तर ऐकायला भावोजी, भाची आणि मी असे तिघेच आत गेलो. पेशी याही वेळी दिसल्या नव्हत्या. परंतु ते प्रोटीन रक्तात भरमसाट वाढलेले होते, आणि पाण्यातही उतरले होते.

"पण हे प्रोटीन असतं कशाचं, मॅडम?" भाचीने विचारले.

"खरं तर पोटातलं बाळ ते तयार करतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भातल्या बाळाच्या लिव्हरमध्ये ते बनतं. जन्मानंतर बनणं जवळजवळ बंद होतं. या वयात ते पुन्हा एवढं बनायला लागलं की आम्हाला संशय येतो. तरी एकट्या या आकड्यावर मी निकाल देणार नाही. स्कॅन करू."

भाची स्वतः दोन लेकरांची आई आहे. ती खाली मान घालून बसली. मला मात्र विहाराची पायरी आठवली, हसणाऱ्या बायका आठवल्या, आणि ताईचे उत्तर आठवले. ते उत्तर आता कोणीच कोणाला सांगू नये असे वाटले.

स्कॅनमध्ये गाठ दिसली. मोठी होती, आणि लिव्हरच्या मुख्य शिरेत शिरलेली होती. शस्त्रक्रियेचा काळ मागे गेला होता. गोळ्या आहेत, त्या रोखून धरतील तेवढे धरतील, आणि पाणी साठेल तसे काढत राहू, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. सामनेवाल्याचे नाव निश्चित झाले ते त्या दिवशी. मग त्या म्हणाल्या, "मावशींना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"कोणी नाही सांगायचं," भावोजी म्हणाले. "तिला पाण्याचा त्रास आहे. बस्स. मेव्हणे, तुम्हाला तिची शपथ आहे."

आपल्याकडची ही रीत मला नवी नाही. ज्याच्या शरीरात घडते त्याला सोडून साऱ्या चाळीला कळते. शेजारपाजारचे येतात, नजर चुकवतात, शहाळे ठेवून जातात. ताईच्या खाटेखाली शहाळी जमू लागली. विहाराच्या पायरीशी जी वहिनी खिदळली होती ती आता येऊन नुसती पाय चेपून देई. ताई एकदा तिला म्हणाली, "तू टोमणे मारायची बंद झालीस ना, तेव्हाच मला भीती वाटली."

परवा मी गेलो तेव्हा भावोजी मोरीशी भांडी विसळत होते. ताईने मला खाटेवर बसवून घेतले. तिचे डोळे आता हळदुले झाले आहेत, आणि गळ्याची हाडे वर आली आहेत. पोट तेवढे चादरीखाली उंच.

"अरे, इतक्या लोकांचे अर्ज लिहिलेस," ती म्हणाली, "माझा एकही नाही लिहिलास कधी."

"तुला काय मागायचंय?"

"पाणी काय बोललं, ते मागायचंय. दोनदा नेलं माझ्या पोटातून. काहीतरी बोललं असेलच ना? तुम्हा सगळ्यांना सांगितलं आणि माझ्यापाशी येऊन मुकं झालं. पोट कोणाचं आहे?"

भांड्यांचा आवाज थांबला. माझ्या मनात शपथ होती. आणि शपथेवर खोटे लिहून देणाऱ्यांचे काय होते तेही मला ठाऊक आहे. शपथ न मोडता जेवढे सांगता येईल तेवढे मी सांगितले.

"ताई, बेलिफ दोनदा जाऊन आला," मी म्हणालो. "दोन्ही वेळा शेरा एकच. इसम मिळून आला नाही."

बेलिफाशी एवढा संसार केलेली बाई. तिला त्यापुढचे एकही वाक्य लागले नाही. तिने डोळे मिटले.

"मागच्या खोलीत आहे का?"

मी होकाराची मान हलवली.

"मोठा आहे?"

"मोठा आहे."

"मग डकवा की समन्स दारावर," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांचा एक कोपरा जुन्या सवयीने वर गेला. मोरीकडे तोंड करून तिने हाक मारली, "ऐकलंत का? बाहेर या. आता तिथं लपून काही उपयोग नाही."

भावोजी ओल्या हातांनी आले आणि तिच्या पायाशी बसले. त्यांनी मला दोष दिला नाही. पाणी त्यांच्या बोटांतून चादरीवर गळत होते, आणि ते पुसण्याचे कोणालाच सुचले नाही. मग ताईने तिला काय हवे ते एकेक करून सांगितले : विहाराच्या पांढऱ्या साडीखालचा परकर सैल करून घ्या, नात आणून दाखवा, वहिनीला म्हणावे, टोमणे मार. आणि तू तो अर्ज लिही, असे मला सांगितले. मी म्हणालो, कोणाच्या नावे लिहू? ती म्हणाली, "जे लिहितात ना, दिसलं नाही, दिसलं नाही, त्यांच्या नावे."

सबब हा अर्ज. मायना भरण्यास विशिष्ट कार्यालय नसल्याने तो जो कोणी पोटातील पाण्याचा वा अन्य कशाचाही अहवाल लिहितो, वाचतो किंवा घरी नेऊन मोठ्याने समजावून सांगतो, त्या सर्वांस उद्देशून आहे. ज्या तपासणीत रोग न दिसणे हा तो नसल्याचा पुरावा होत नाही, त्या अहवालात 'आढळून आल्या नाहीत' या ओळीखाली आणखी एक ओळ, आम्हाला समजेल अशा मराठीत, लिहिण्यात यावी : एवढ्यावरून रोग नाही असे समजू नये, पुढील तपासणी करून घ्यावी. त्या एका ओळीने माझ्या बहिणीची गाठ लहान झाली नसती, हे अर्जदार जाणून आहे. परंतु पेढे वाटले गेले नसते, आणि दिलेल्या पेढ्याकडे पाहत ती एकटी बसली नसती. तसेच, अहवाल काहीही असो, ज्याचे पोट त्यास तो प्रथम सांगण्यात यावा, व नातेवाइकांच्या शपथा त्याआड येऊ देऊ नयेत.

वरील मजकूर माझ्या बहिणीस वाचून दाखविला असून तो तिला मान्य आहे. तिने खाली अंगठा न देता सही केली आहे. तिने सही करायचीच असा हट्ट धरला. साक्षीदार म्हणून भावोजींची सही आहे.

तरी विनंती की या अर्जाचे उत्तर अर्जदाराच्या नावे न पाठवता बहिणीच्या नावे, ठाकुर्लीच्या पत्त्यावर पाठवावे, आणि विलंब करू नये. पाणी पुन्हा भरू लागले आहे. सदर पत्त्यावर ती मिळून येत आहे तोवर उत्तर यावे, ही नम्र विनंती.